मागचा हात

पावतीवर नाव बॅकहो.
आम्ही त्याला हातच म्हणतो.
हात लावायचा, हात काढायचा,
त्या छोट्या ट्रॅक्टरला,
जो पाखाडीशेजारच्या बोळातून
पोफळींना न खरचटता आत जातो.
मोठा जेसीबी तिथं नुसता तोंड घालतो
आणि परत फिरतो.

ट्रॅक्टर दोघांचा, कुमुदताईचा नि माझा.
सकाळी ती आगरांतून खड्डे काढते,
कलमांचे, पाइपांचे, संडासाच्या टाक्यांचे.
दुपारी दोनला मांडवाखाली आणून लावते.
मग हात मी काढतो, ट्रॉली जोडतो,
बर्फ भरून हर्णै गाठतो, लिलावाआधी.

बोलणं बंद आहे ते गणपतीपासून.
मोकलांच्या टाकीवरून.
मी म्हटलं, विहिरीपासून लांब घ्यायची होतीस.
ती म्हणाली, खाली कातळ आहे, लागली तिथं घेतली.
मी टेप आणून मोजलं.
चार माणसांदेखत मोजलं.

हात काढायची रीत तिनंच शिकवलेली.
सपाट जागा बघ.
दोन्ही पाय फळ्यांवर टेकव,
बादली मातीला लाव, दाबू नको.
पिना आपसूक सैल होतात;
हातोडा घ्यावा लागला तर तुझं काहीतरी चुकलंय.
मग बूमनं जरासं रेट.
चौकट आकड्यांतून वर येते,
हात आपला आपण सुटतो.
इंजिन बंद कर.
आणि हे विसरू नको:
बंद इंजिनावर सगळ्या लिव्हर हलव,
पुढं, मागं, डावं, उजवं,
नळ्यांतला दाब मरेपर्यंत.
नाहीतर उन्हानं तेल फुगतं
आणि सकाळी कपलिंग बसत नाही.

एका दुपारी मी लिव्हर हलवल्या नाहीत.
विसरलो नव्हतो.

पहाटे अंथरुणात पडून ऐकत राहिलो.
ट्रॅक्टर मागं आला. थांबला. ती उतरली.
चढली. वीतभर मागं. उतरली.
पूर्वी मी मागं उभा असायचो,
येऊ दे, येऊ दे, बस.
आता ती आपलं आपण बघते,
सात वेळा चढते, सात वेळा उतरते.
मग कपलिंग.
लोखंडावरून लोखंड घसरल्याचा आवाज,
परत तोच, परत तोच.
एक शिवी, अगदी बारीक.
मग बराच वेळ काही नाही.
फडकं गुंडाळून, नट किंचित ढिला करून
थेंबथेंब सोडलं असणार तिनं तेल;
नंतर पाहिलं, चिऱ्यावर तळहाताएवढा डाग,
वर चुलीतली राख टाकलेली.
उजाडल्यावर कुठं ऐकू आलं: टक्.
थोड्या वेळानं दुसरं.
मला हाक मारली नाही.

दुपारी गेलो तर सगळं नेहमीसारखं.
दातांतली लाल माती खरवडलेली,
पिनांना ग्रीस,
करवंटीत पिनांच्या क्लिपा, मोजून चार.
एखादी कमी असती
तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी लिव्हर हलवल्या,
लागतात त्याच्या दुप्पट वेळा.
टोपणं घातली, नळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं.
बंदरावर बर्फ उशिरा पोचला,
पावशीण चार लोकांत बोलली. ऐकून घेतलं.

दुसऱ्या पहाटे उठलो,
चूळ भरली, शेवग्याखाली जाऊन उभा राहिलो.
ती मागं बघत होती, मान दुखेस्तोवर.
मी म्हटलं, चार बोटं डावीकडं.
तिनं वळून पाहिलं नाही.
चाक मात्र वळलं,
चार बोटंच.
येऊ दे.
येऊ दे.
बस.

टक्, टक्. ती गेली.
विहिरीचं अजून काही बोललो नाही.